मी ‘वाइट’, ऱ्हस्व इकाराचा

मी ‘वाइट’ बोलतोय. नीट बघा, माझी इ ऱ्हस्व आहे. ती दीर्घ करून वाचलीत तर तुमचं माझं इथंच संपलं. एका दीर्घ ईने सोलापुरात एका माणसाची भाकरी गेली, म्हणून आधीच बजावून ठेवतो.

मी एक क्रियापद आहे. फार जुनं, थंड मुलखातलं. अर्थ एवढाच: ‘मला ठाऊक आहे.’

माझा जन्म कुणी टिपून ठेवला नाही, कारण तिकडच्या लोकांना तेव्हा लिहिता येत नव्हतं. लांडगा दिसला, नदी गोठलेली दिसली, शेजाऱ्याने मेंढी पळवलेली दिसली, की ते माझं नाव घेत. माझ्या पोटात ‘पाहणे’ आहे. ‘मी पाहिलं’ असं म्हणता म्हणता त्याचा अर्थ ‘मला ठाऊक आहे’ असा झाला. रूप कालचं, अर्थ आजचा. तुम्ही तरी दुसरं काय करता? बाहेरून हाक आली की पाटावर बसल्या बसल्या ‘आलो’ म्हणून ओरडता आणि आणखी एक पोळी वाढून घेता. पण तुमचं ते ‘आलो’ खोटं असतं. माझं तसं नव्हतं. ज्याने पाहिलं नाही त्याने मला तोंडात घ्यायचं नाही, असा माझा कायदा होता.

तुमच्या संस्कृतातला ‘वेद’ हा माझा सख्खा भाऊ. पोथीतला नव्हे, ‘वेद’ म्हणजे ‘मी जाणतो’, ते क्रियापद. तो म्हणजे माझा बाप, असं इकडचे शास्त्रीलोक मिशीवर ताव देऊन सांगतात. बाप नाही, भाऊ. आमची आई एक, ती आणखी मागची. तिच्याकडून निघाल्यावर मी गारठ्यात गेलो आणि माझ्या ‘द’चा ‘ट’ झाला. तुमच्या दोनचं तिकडे ‘टू’ झालं, दहाचं ‘टेन’ झालं, तसंच. बाकी चेहरा तोच. तो एकवचनात ‘वेद’, अनेकवचनात ‘विद्म’. मी एकवचनात ‘वाइट’, अनेकवचनात ‘विटुम’. एकटं असताना तोंड मोठं आणि चारचौघांत आलं की आवाज बारीक, ही आमच्या घराण्याची खोड. माणसांतही ती आहे, हे मला पुढे सोलापुरात कळलं.

माझा वंश वाढला. जर्मनांच्या तोंडी ‘वाइस’ अजून धडधाकट आहे. इंग्रजांनी ‘वॉट’ म्हणून काही शतकं वापरला आणि मग जुन्या चपलेसारखा टाकून दिला. त्यांच्याकडे आता माझी नातवंडं उरलीत. त्यातला एक तुमच्या सोलापूरच्या कोर्टात रोज उभा असतो. ‘विटनेस’ त्याचं नाव. ज्याने पाहिलं, ज्याला ठाऊक आहे, तो साक्षीदार.

मी स्वतः मात्र कधीच मेलो होतो. मग विद्वान आले. त्यांनी माझ्या सगळ्या मुलाबाळांची तोंडं शेजारी शेजारी ठेवली, याचं नाक घेतलं, त्याचं कपाळ घेतलं, आणि मला पुन्हा उभा केला. मला लिहिलेला कुणीच पाहिलेला नाही, म्हणून ते माझ्या डोक्याशी एक तारा काढतात, असा: *वाइट. त्याचा अर्थ, ‘हा पाहिलेला नाही, ताडलेला आहे.’ या विद्वानांबद्दल माझं मत काही फार बरं नाही, पण त्या ताऱ्यापुरता मी त्यांना मानतो. न पाहिलेल्या गोष्टीला न पाहिलेली म्हणण्याची लाज तेवढी त्यांना होती.

असा मी एका जाड, तपकिरी पुठ्ठ्याच्या जर्मन ग्रंथात छापला गेलो आणि १९३२ साली सोलापूरच्या भवानी पेठेतल्या एका शाळेच्या कपाटात येऊन पडलो. तिथे मला वेणीमाधव मास्तर भेटले.

मास्तर संस्कृत शिकवत. माणूस हाडाचा विद्वान. कणा मात्र देवाने बेतानेच दिलेला. मी ज्या पानावर होतो ते पान त्यांनी उघडलं आणि ‘वाइट, विटुम’ वाचून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. “अरे, हा तर आपला वेद!” ते कपाटाशी एकटेच मोठ्याने म्हणाले. खरं सांगतो, तेव्हा मला ते आवडले होते. माझी चूक झाली.

तो ग्रंथ शाळेबाहेर न्यायची बंदी होती. हेडमास्तर कमलाकरपंतांनी मास्तरांना पुस्तकं घरी नेताना दोनदा पकडलं होतं आणि तिसऱ्यांदा सापडलात तर राजीनामा घेईन असा दम भरला होता. पण मास्तरांना माझ्यावर निबंध लिहायचा होता आणि शाळेत निवांतपणा कुठला? म्हणून त्यांनी युक्ती काढली. मुलांच्या तपासायच्या वह्यांचा गठ्ठा रोज संध्याकाळी शाळेचा शिपाई धोंडप्पा त्यांच्या घरी पोचवत असे. त्या गठ्ठ्याच्या मध्ये ग्रंथ सारायचा, बास. पकडला गेलाच तर गठ्ठा धोंडप्पाच्या डोक्यावर, मास्तरांचे हात मोकळे.

धोंडप्पा अक्कलकोटच्या बाजूचा. घरात कानडी, बाहेर मराठी. मठात कानडी अक्षरं शिकलेला. तुमची बाळबोध लिपी त्याला वाचता येत नसे. तो गठ्ठा नेऊन मास्तरांच्या बायकोच्या, अनसूयाबाईंच्या हातात द्यायचा. “घ्या वैनी, आज लई जड हाय बगा,” म्हणायचा आणि पाणी पिऊन जायचा. सकाळी तसाच परत न्यायचा.

मास्तरांची एक सवय होती. कपाटातून पुस्तक काढलं की त्या जागी ते एक चिठ्ठी ठेवत. वर पुस्तक कुणाच्या हाती दिलं त्याचं नाव, खाली कोणता शब्द वाचायला घेतलाय तो. मार्गशीर्षातल्या एका सोमवारी त्यांनी अशीच चिठ्ठी लिहिली:

धोंडप्पा.
*वाइट.

म्हणजे, पुस्तक धोंडप्पाबरोबर गेलंय आणि मी ‘वाइट’ या शब्दापाशी आहे. शब्द एका वेळी चार ठिकाणी राहू शकतो. त्या दिवसापासून मी ग्रंथात होतो, मास्तरांच्या वहीत होतो आणि त्या चिठ्ठीवरही होतो.

नेमका त्याच आठवड्यात मास्तरांना ताप भरला आणि ग्रंथ त्यांच्या घरच्या ट्रंकेत राहिला. इन्स्पेक्टर यायचे होते, म्हणून कमलाकरपंतांनी कपाटं तपासली. ग्रंथाच्या जागी चिठ्ठी. ताप उतरून मास्तर शाळेत आले तेव्हा ती हेडमास्तरांच्या टेबलावर होती.

“हे अक्षर तुमचं?”

“माझंच.”

“संस्कृतचे शिक्षक तुम्ही, आणि ऱ्हस्वदीर्घ कळत नाही?” असं म्हणून कमलाकरपंतांनी टाक लाल शाईत बुडवला आणि माझ्या इच्या डोक्यावर रफार चढवला. एका फटक्यात माझा वाइटचा वाईट झाला. दोन हजार वर्षं बर्फात काढली, पण असा अपमान कुणी केला नव्हता. “धोंडप्पा. वाईट. आणि वर तारा, म्हणजे विशेष नोंद. तुम्हाला या माणसाचा आधीपासून संशय होता तर! मग तोंडी का नाही सांगितलंत?”

एक वाक्य पुरलं असतं. ‘अहो, तो शब्द वाईट नव्हे, वाइट.’ पण त्या वाक्याच्या मागोमाग ग्रंथ आला असता, ग्रंथामागे ट्रंक, ट्रंकेमागे राजीनामा. मी तिथेच, त्यांच्या नाकासमोर, लाल डोक्याने बघत होतो.

धोंडप्पाला बोलावलं.

“पुस्तक कुठंय?”

“मास्तरांच्या घरी की. वह्यात घालून मीच नेऊन दिलो वैनीच्या हातात.”

“चोर तो चोर, वर शिरजोर! तुझ्या शब्दावर एका शिक्षकाच्या घरच्या बाईमाणसाला विचारायला जाऊ? विटनेस आहे कुणी?”

धोंडप्पाचा चेहरा उजळला. “इटनेस? मास्तरच की ओ! त्यांनीच तर धाडलेत. त्यांनी सोता बगितलेत.” आणि तो मास्तरांकडे वळला. “सांगा की मास्तर.”

त्या अडाणी माणसाने माझ्या नातवाचं नाव घेतलं होतं आणि अगदी बरोबर अर्थाने घेतलं होतं. ज्याने पाहिलं तो विटनेस. व्याकरण त्यानेच पाळलं.

“वेणीमाधवराव, तुम्हाला यातलं काही ठाऊक आहे?” कमलाकरपंतांनी विचारलं.

मास्तर खिडकीकडे बघत म्हणाले, “मला ठाऊक नाही.”

लांडग्याला घाबरून पळालेली माणसं मी पाहिली आहेत. मेंढी चोरून शपथ घेणारी पाहिली आहेत. पण डोळ्यांत पाणी आणून ज्याने मला ओळखलं, त्यानेच माझा गळा दाबावा, हे पहिल्यांदा घडलं. कमलाकरपंतांनी ते वाक्य कागदावर लिहून त्याखाली मास्तरांची सही घेतली. सही वळणदार होती.

धोंडप्पाला त्याच दिवशी काढला. नोकरीच्या दाखल्यावर हेडमास्तरांनी ‘वर्तन: वाईट’ असं शुद्ध लिहिलं आणि पुरावा म्हणून ती चिठ्ठी दाखल्याला टाचणीने जोडली. अशा रीतीने मी धोंडप्पाच्या खिशात आलो.

त्याच्याबरोबर मी गिरण्यांच्या दारात उभा राहिलो. गिरणीत माणसं भरणारा जॉबर दाखला उलटायचा, चिठ्ठी वाचायचा आणि म्हणायचा, “मास्तरलोकांनी हातानं लिहून दिलंय वाईट, आणि तू हितं काम मागतोस व्हय रे?” तीन गिरण्या झाल्या. मग तो पेठेत सुताची गठुळी डोक्यावरून वाहू लागला. गल्लीत लोक त्याच्या मागून कुजबुजत. पाणी भरायला गेली की त्याच्या बायकोला ऐकवत. ती एकदा घरी येऊन म्हणाली, “कागद फाडून टाका ना.” धोंडप्पा म्हणाला, “फाडलो तर खरं ठरंल. न्हाई फाडत.”

तिकडे मास्तरांच्या घरी मी वहीत होतोच. त्या रात्रीच्या जेवणाला अनसूयाबाईंनी ताट वाढून विचारलं, “धोंडप्पाला काढलं म्हणे. पुस्तक तर आपल्या ट्रंकेत आहे.”

“तुला त्यातलं काही ठाऊक नाही.”

“म्हणजे काय? त्याच्या हातातून मी घेतलंय. माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.”

“पाहिलं असशील,” मास्तर म्हणाले, “पण तुला ठाऊक नाही.”

विद्वानाचं वाक्य! पाहणं एका बाजूला आणि ठाऊक असणं दुसऱ्या बाजूला. माझे उभे दोन तुकडे त्यांनी आमटीच्या वाटीत टाकले आणि भुरके मारत जेवले. त्या दिवसापासून अनसूयाबाईंनी ट्रंकेची किल्ली आपल्या कनवटीला लावली.

मास्तरांचा निबंध पुरा झाला. फाल्गुनात एका रविवारी सकाळी शाळेच्याच सभागृहात त्यांचं व्याख्यान ठरलं. बाहेरच्या फळ्यावर खडूने लिहिलं: ‘रा. रा. वेणीमाधवराव यांचे व्याख्यान. विषय: वाइट.’

आता भवानी पेठेत ही पाटी वाचून लोक काय समजणार? कुणीतरी धोंडप्पाला जाऊन सांगितलं, “अरं, मास्तर आज तुज्यावरच भाषन देतोय. फळ्यावर लिवलंय, वाईट म्हणून.”

धोंडप्पाने गठुळं खाली ठेवलं, मुंडासं नीट बांधलं आणि तडक शाळा गाठली. शिपाई असताना तो सभागृहाच्या ज्या दाराशी उभा राहायचा, तिथेच जाऊन उभा राहिला. मी त्याच्या खिशात होतो.

आत पुढच्या रांगेत शास्त्रीमंडळी, वकील, मध्ये कमलाकरपंत, फळ्यावरची ऱ्हस्व इही मास्तरांची नेहमीची चूक समजून बसलेले. एका अंगाला बायकांची बाकं; तिथे अनसूयाबाई मांडीवर एक कापडी पिशवी घेऊन बसल्या होत्या. मास्तर छान बोलत होते. माझ्याबद्दल इतकं चांगलं कुणी कधी बोललं नसेल. द चा ट कसा झाला, गोठलेल्या नद्या, माझा भाऊ, माझी मुलं, सगळं सांगितलं. मग आवाज चढवून म्हणाले, “सभ्य गृहस्थहो, या शब्दात असत्याला जागाच नाही! ज्याने पाहिलं त्यालाच ठाऊक. आणि ज्याने पाहिलं, त्याला ‘ठाऊक नाही’ असं म्हणताच येत नाही. व्याकरणच त्याला म्हणू देत नाही!”

टाळ्या पडल्या.

टाळ्या थांबल्यावर दाराशी आवाज आला.

“मास्तर, एक इचारू काय?”

सगळ्या माना वळल्या. कमलाकरपंत अर्धवट उठले. “याला आत कुणी सोडलं?”

“आत न्हाई साहेब, दारातच हाय,” धोंडप्पा म्हणाला. “मला लई काय कळलं न्हाई. पर जो बगतो त्याला ठावं असतंय, एवढं कळलं. मास्तर, मग ते पुस्तक मी तुमच्या घरी दिलेलं तुमी बगितला व्हता का न्हाई?”

मी त्यांच्या जिभेवर येऊन उभा होतो. फक्त तोंड उघडायचं होतं.

मास्तर म्हणाले, “अहं वेद.”

बघा माणसाची करामत! कबूल केलं, पण संस्कृतात. ज्याला कळायला हवं त्याला कळू नये अशा बेताने. माझ्या सख्ख्या भावाला त्यांनी पडदा केलं आणि त्यामागे लपले. पुढच्या रांगेतल्या एका शास्त्रीबुवांनी वचन समजून मानही डोलावली.

धोंडप्पा तसाच उभा. “मराठीत सांगा की, मास्तर.”

एकटे असताना कपाटाशी बोललेला तो मोठा आवाज चारचौघांत कुठे गेला कुणास ठाऊक.

तेव्हा बायकांच्या बाकावर हालचाल झाली. अनसूयाबाई उठल्या. डोक्यावरचा पदर सावरत, पिशवी छातीशी धरून त्या व्यासपीठापाशी आल्या. पिशवीतून त्यांनी तपकिरी ग्रंथ काढला आणि टेबलावर ठेवला. ठेवला म्हणजे आपटलाच.

“मी पाहिलं होतं,” त्या म्हणाल्या. “धोंडप्पाने माझ्या हातात दिलं. म्हणून मला ठाऊक आहे. यांनाही ठाऊक होतं.”

दोन हजार वर्षांत माझा इतका शुद्ध उपयोग मी ऐकला नव्हता. त्या बाईंना माझं नावही माहीत नव्हतं.

कमलाकरपंतांचा चेहरा त्यांच्याच शाईसारखा झाला. ते म्हणाले, “धोंडप्पा, उद्यापासून कामावर ये.”

“नगं साहेब. आदी हे पुसा.” धोंडप्पाने दाखला आणि चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. “हितं काय लिवलंय ते समद्यांम्होरं वाचा. तीन म्हयनं मी हे घिऊन फिरालोय.”

मास्तरांनी मला बघितलं आणि खुर्चीत बसले. मग टाक घेऊन त्यांनी माझ्या डोक्यावरचा लाल रफार खोडला आणि तुटक आवाजात सभेला सांगितलं की हा शब्द वाईट नव्हे, वाइट. पुस्तक मीच पाठवलं होतं, आणि मी पाहिलं होतं. चिठ्ठीवर माझ्याखाली त्यांनी अर्थ लिहिला: ‘मला ठाऊक आहे.’ खाली सही केली. या वेळची सही वाकडी आली.

“धोंडप्पा, चुकलो रे,” ते म्हणाले.

“व्हय, चुकला,” धोंडप्पा म्हणाला आणि चिठ्ठी उचलून निघाला. माफ केलं असं तो म्हणाला नाही. मीही म्हणत नाही.

मास्तरांनी आठवड्यात राजीनामा दिला आणि नातेपुत्याला मेव्हण्याकडे गेले. अनसूयाबाई बरोबर गेल्या, पण वाटेत बोलल्या नाहीत असं कळलं. जाताना वह्यांची रद्दी घातली गेली. माझ्यावरच्या निबंधात भवानी पेठेने महिनाभर शेंगदाणे खाल्ले. ग्रंथ कुलपात पडलाय, तो कुणी उघडत नाही. शाळेच्या पाटीवर ‘विद्या’ आहे, माझ्याच घराण्यातली. रंगवलेली आहे, बोलत नाही. कमलाकरपंतांनी दुसरा दाखला दिला, त्यावर धोंडप्पा गिरणीत कापड विणायच्या साच्यावर लागला. पहिल्या दाखल्याबद्दल ते अजून म्हणतात की शुद्धलेखनाच्या दृष्टीने आपलंच बरोबर होतं.

मी हल्ली धोंडप्पाच्या खोलीत, भिंतीवरच्या आरशामागे असतो. तुम्हाला एकच सांगणं आहे. न पाहता ‘ठाऊक आहे’ म्हणणार असाल तर माझ्यासारखा तारा लावून म्हणा. आणि पाहिलं असेल, तर चारचौघांत, समोरच्याला कळेल अशा भाषेत तोंड उघडा. ते जमत नसेल तर माझ्या वाटेला जाऊ नका. तुमच्या विद्वत्तेची मला गरज नाही.

त्या रविवारी घरी आल्यावर धोंडप्पाने चिठ्ठी मांडीवर पसरली होती. मास्तरांनी लिहिलेलं त्याला वाचता येईना. मग त्याने कानामागची पेन्सिल काढली, टोक ओलं केलं आणि सगळ्यांच्या खाली, आपल्या मठातल्या गोल गोल कानडी अक्षरांत, सावकाश एक शब्द लिहिला: ‘गोत्तैती.’ त्याच्या भाषेत, ठाऊक आहे.

तो शब्द माझ्या कुळातला नाही. आई वेगळी, मुलूख वेगळा. कुठल्याही विद्वानाला आमचं नातं जोडता येणार नाही. पण आरशामागे आम्ही दोघे शेजारी राहतो, आणि त्याच्या डोक्यावर तारा नाही. तो लिहिणाऱ्याने पाहिलं होतं.